जंगल तिकडे, कासव इकडे

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी, एका शनिवारी सकाळी, खाकी गणवेशातील तिघेजण आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आले. एक वनपाल होते आणि दोन वनरक्षक. आतल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत तारांकित कासवे ठेवल्याची खबर आहे, ती जागा पाहायची आहे, असे त्यांनी सुरक्षारक्षकाला सांगितले. सुरक्षारक्षकाने सचिवांना फोन केला आणि सचिवांनी मला. मी वकील आहे, पण दिवाणी बाजूचा. ठाण्याच्या न्यायालयात माझी सारी हयात भाडेकरू, वारसदार आणि पुनर्विकासाचे करारनामे यांतच गेली. तरीही वकील म्हटला की त्याला सगळेच कायदे ठाऊक असणार असे सोसायटीत गृहीत धरले जाते, आणि खरे सांगायचे तर हा गैरसमज दूर करण्याची घाई वकिलालाही नसते. मी खाली उतरलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने विचारले की आपले वॉरंट कुठे आहे, आपल्याबरोबर पोलीस का नाहीत, आणि राष्ट्रीय उद्यान त्या समोरच्या डोंगरावर असताना आपण पोखरण रस्त्यावरच्या इमारतीत कसे काय आलात. वनपालांनी आवाज चढवला नाही. ते इतकेच म्हणाले, ‘साहेब, जंगल तिकडे आहे, पण कासव इकडे आहे. कलम पन्नास एकदा बघून घ्या.’

ते बघून घेण्यात, वरिष्ठांना फोन करण्यात आणि सचिवांची समजूत पटवण्यात चाळीस मिनिटे गेली. मग ते वर गेले, तेव्हा सदनिकेत एक रिकामी काचेची पेटी, तळाशी वाळू आणि कोबीची ताजी पाने एवढेच सापडले. त्या चाळीस मिनिटांत दुसऱ्या जिन्याने कोण काय घेऊन खाली गेले, हे मला आजही ठाऊक नाही, पण त्या रिकाम्या पेटीचा काही वाटा माझ्या तीन प्रश्नांकडे जातो. त्या रात्री मी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ हे दोन्ही कायदे काढून बसलो आणि माझे तिन्ही प्रश्न चुकीचे होते असे मला दिसून आले. त्यातला तिसरा, म्हणजे हद्दीचा प्रश्न, ठाण्यात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधी कलम ५०. ते सुरू होते तेच मुळी ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी. या अधिनियमाखालील गुन्हा एखाद्या व्यक्तीने केला आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर तिला वन्यप्राणी, त्याचे मांस किंवा त्याच्यापासून बनवलेली वस्तू तपासणीसाठी हजर करायला सांगणे, तिच्या ताब्यातील जागेत, जमिनीवर, वाहनात किंवा होडीत शिरून झडती घेणे, सामान उघडून पाहणे, प्राणी आणि गुन्ह्यात वापरलेले सापळे, हत्यारे, वाहन जप्त करणे, आणि ती व्यक्ती पुढे हजर राहून आरोपाला उत्तर देईल अशी खात्री नसेल तर तिला वॉरंटशिवाय अटक करणे, हे सर्व अधिकार त्या एका कलमात आहेत. ते कोणाला, तर केंद्राचे वन्यजीव संरक्षण संचालक आणि त्यांनी प्राधिकृत केलेले अधिकारी, राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, प्राधिकृत अधिकारी, ‘कोणताही वन अधिकारी’ आणि उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी. २०२२ च्या दुरुस्तीने या यादीत ठरावीक दर्जाचे सीमाशुल्क आणि तटरक्षक दलाचे अधिकारीही आले.

या यादीतील दर्जांची गंमत मला पहिल्या वाचनात कळली नव्हती. पोलिसांना किमान उपनिरीक्षकाचा दर्जा लागतो, वनखात्याला मात्र कोणत्याच दर्जाची अट नाही. वन अधिकारी म्हणजे कोण, यासाठी वन्यजीव कायदा १९२७ च्या कायद्याकडे बोट दाखवतो, आणि तिथे राज्य सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने त्या कायद्याच्या कामासाठी नेमलेली कोणतीही व्यक्ती वन अधिकारी ठरते. म्हणजे खात्याच्या उतरंडीत अगदी तळाशी असलेला, एका नियतक्षेत्रात काठी घेऊन फिरणारा वनरक्षक जी झडती घेऊ शकतो, ती पोलीस ठाण्यातला हवालदार कलम ५० खाली घेऊ शकत नाही. आणि मी त्या सकाळी वनपालांना ‘पोलीस कुठे आहेत’ असे विचारत होतो!

आता हद्द. कलम ५० मध्ये ‘राष्ट्रीय उद्यानात’ किंवा ‘अभयारण्यात’ असे शब्द अधिकाराच्या आड कुठेही आलेले नाहीत. मी ते कलम तीनदा वाचले, कारण असे काहीतरी असलेच पाहिजे असा माझा ग्रह होता. तसे नसण्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. या अधिनियमात दोन तऱ्हेचे गुन्हे आहेत. काही गुन्हे जागेशी बांधलेले आहेत, जसे परवानगीशिवाय अभयारण्यात प्रवेश करणे, तिथे आग लावणे किंवा शस्त्र घेऊन जाणे. कलम ३५ च्या आधारे हीच बंधने राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. दुसरे गुन्हे प्राण्याशी बांधलेले आहेत. कलम ९ मधील शिकारीची बंदी देशभर आहे, मग तो प्राणी येऊरच्या जंगलात असो, कोपरीच्या नाल्यात असो की कोणाच्या स्वयंपाकघरात. संरक्षित प्राणी पाळणे, विकणे, विकत घेणे यांना जंगल लागतच नाही. उलट असा व्यापार शहरातच चालतो, कारण गिऱ्हाईक शहरात असते. मग ज्या खात्यावर तो प्राणी वाचवण्याची जबाबदारी टाकली, त्याला उद्यानाच्या भिंतीशी थांबवून कायद्याला काय साधणार होते?

पहिल्या तऱ्हेच्या गुन्ह्यातही आरोपी भिंत ओलांडून बाहेर आला म्हणजे सुटला असे होत नाही. रात्री उद्यानात शिरून रानडुक्कर मारणारा माणूस सकाळी मानपाड्याला चहा पीत असेल, तर गुन्ह्याची जागा उद्यान राहील, खटला त्या जागेवर अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयात चालेल, पण अटक मानपाड्यालाच होऊ शकेल. १९२७ च्या कायद्याचे कलम ६४ हेच सांगते. एक महिना किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या वनगुन्ह्यात सहभागाचा वाजवी संशय असलेल्या कोणालाही वन अधिकारी किंवा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो. त्या कलमालाही भिंत नाही.

सगळीकडे असेच असते असे मात्र नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या रेंजरांना अटकेचा अधिकार देणारे संघराज्याचे कलम जागेला धरून आहे. अटक उद्यान व्यवस्थेच्या हद्दीत झाली पाहिजे, किंवा अटक टाळण्यासाठी ती व्यक्ती त्या हद्दीतून पळत असली पाहिजे. तिथे रेंजर हा उद्यानातला पोलीस आहे आणि आतल्या सर्वच गुन्ह्यांकडे तो पाहतो, म्हणून त्याला भिंत घातली आहे. आपल्या वनरक्षकाच्या हाती गुन्हे मोजकेच आहेत, पण त्या गुन्ह्यांपुरती त्याला भिंत नाही.

ठाण्यात हा भेद फार उघडपणे दिसतो, कारण आपल्याकडे उद्यान आणि शहर यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा सोडलेली नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०३ चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे आहे आणि त्याचा येऊरकडचा भाग थेट आपल्या वस्तीवर उतरतो. घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला असलेला नागला भागही उद्यानाचाच आहे, म्हणजे रोज हजारो वाहने ज्या रस्त्याने जातात त्याच्या दोन्ही अंगांना एकच उद्यान आहे. बिबट्याला यातले काहीच ठाऊक नसते.

२० फेब्रुवारी २०१९ ची सकाळ जुन्या ठाणेकरांना आठवत असेल. समतानगर परिसरातील एका मॉलच्या आवारात बिबट्या दिसला आणि पुढे तो जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. वनखात्याच्या पथकाने त्याला भूल देऊन बाहेर काढले. बातम्या पाहताना मला त्यात फक्त थरार दिसला होता. आता कायदा वाचल्यावर त्या सकाळची वेगळीच बाजू दिसते. कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात प्राणी पकडणेही येते, त्यामुळे अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतील, बिबट्याला भुलीचे इंजेक्शन मारण्यासाठीसुद्धा कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची कारणे नमूद केलेली लेखी परवानगी लागते. तो पकडता येणार नाही, बेशुद्ध करता येणार नाही, दुसरीकडे हलवता येणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. हा अधिकार हॉटेलच्या तळघरातही तितकाच लागू आहे, तिथल्या मालकाची किंवा महापालिकेची संमती त्याला लागत नाही.

पण त्याच वेळी बाहेर जमलेल्या गर्दीचे काय? तिथे वनरक्षकाचे हात बांधलेले आहेत. मोबाइल उंचावून तळघराच्या उतारावर उभ्या असलेल्या शे-दोनशे माणसांना हटवणे, रस्ता बंद करणे, जमावबंदीचा आदेश काढणे हे काम पोलिसांचे. तो आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम १६३ आहे. बिबट्या मनुष्यवस्तीत आला की खरा धोका बहुधा गर्दीमुळे वाढतो, आणि ज्याला बिबट्या कळतो त्याला गर्दीवर अधिकार नाही. ही तफावत मला या सगळ्या विषयातली सर्वांत जाचक गोष्ट वाटते.

हद्दीबाहेर पोहोचणारी आणखी एक तरतूद वाचून मी चकित झालो. कलम ३४ सांगते की अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि शस्त्र परवाना असलेल्या व्यक्तीने आपल्या नावाची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे करण्यासाठी अर्ज करावा. त्या परिघात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसहमतीशिवाय देता येत नाही. हे कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू केलेले आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर नौपाडा, ठाणे स्टेशन, कळवा हे सारे त्या १० किलोमीटरांत सहज बसते. खाडीपलीकडे ऐरोलीपासून वाशीपर्यंतचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या परिघात येतो. आमच्या इमारतीत परवान्याची बंदूक असलेले एक निवृत्त लष्करी अधिकारी राहतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग आत जाऊन कागद शोधू लागले.

इथपर्यंत वाचून वनरक्षकाचा हात सगळीकडे पोहोचतो असे वाटू लागेल, म्हणून तो कुठे पोहोचत नाही तेही सांगायला हवे. उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणजे वनरक्षकाचे वाढवलेले आवार, अशी समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालेले हे क्षेत्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली आहे. तिथल्या बांधकामांवर नियंत्रण नियोजन प्राधिकरणाचे आणि अधिसूचनेने नेमलेल्या देखरेख समितीचे असते. त्या क्षेत्रात बेकायदा मजला चढत असेल तर वनरक्षक अहवाल पाठवू शकतो, मजला पाडू शकत नाही. उद्यानाच्या आत मात्र सरकारी जमिनीवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ३४-अ ने सहायक वनसंरक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याला आहे. येऊरच्या खासगी बंगल्यांत रात्री उशिरा वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांबद्दल वनखात्याला फोन करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या बंगल्यातला आवाज हा पोलिसांचा विषय आहे. सोसायटीतला गुलमोहर कोणी रातोरात तोडला, तर त्यासाठी महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांविषयीचा १९७५ चा कायदा आणि महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण आहे. झाड दिसले की वनखाते आठवते, पण कायद्याला तसे आठवत नाही.

हा विषय मला खऱ्या अर्थाने समजला तो नेरूळला, बहिणीकडे गेलो असताना. तिच्या घराजवळच्या डीपीएस तलावावर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. ठाणे खाडीतील अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले, पण हा तलाव त्या अभयारण्याच्या रेषेबाहेर आहे. भरतीच्या वेळी खाडीतली चिखलाची मैदाने पाण्याखाली गेली की पक्षी अशा पाणथळ जागी विसाव्याला येतात. आता त्या तलावाकाठी कोणी फ्लेमिंगोला जाळे लावले, तर वनरक्षक तिथेच त्याला धरू शकतो, अभयारण्यात धरावे तसाच. पण त्या तलावात येणारे भरतीचे पाणीच कोणी अडवले आणि तलाव आटून पक्षी यायचे थांबले, तर कलम ५० चा तो अधिकारी काठावर उभा राहून काय करणार? पक्ष्याला हात लागलेला नाही, आणि जागा अभयारण्याची नाही. तिवरे तोडली असतील तर निराळा मार्ग आहे, कारण सरकारी जमिनीवरील तिवरांना राज्यात वनाचा दर्जा मिळाला आहे आणि २०१२ पासून कांदळवन कक्ष हे स्वतंत्र पथकही आहे. नुसत्या पाण्यासाठी मात्र पर्यावरण कायद्याचे, न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. वनरक्षकाचा अधिकार प्राण्याच्या मागे चालतो, प्राणी जिथे उतरतो त्या जमिनीच्या मागे नाही. हद्दीबाहेर त्याचे बळ आणि त्याची असहायता दोन्ही यातूनच येतात.

पोलिसांशी असलेल्या नात्याबद्दल थोडक्यात. वन्यजीव गुन्ह्यांचा तपास फक्त वनखात्याचाच असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयासमोर मोतीलाल विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या २००२ च्या प्रकरणात झाला होता आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही. पोलीस आणि सीबीआयही तपास करू शकतात. मात्र कलम ५५ प्रमाणे न्यायालय या गुन्ह्यांची दखल घेते ती मुख्यतः प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून, किंवा ६० दिवसांची नोटीस देऊन तक्रार करणाऱ्या कोणाही नागरिकाच्या तक्रारीवरून. सहायक वनसंरक्षकाच्या दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला कलम ५०(८) खाली झडतीचे वॉरंट काढण्याचा, साक्षीदारांना बोलावण्याचा आणि पुरावा नोंदवण्याचाही अधिकार आहे. तो पुरावा आरोपीसमक्ष नोंदवला असेल तर पुढे खटल्यात ग्राह्य धरला जातो.

इतका अधिकार दिल्यावर त्याला लगाम हवाच, आणि तो आहे. ताब्यात घेतलेली व्यक्ती आणि जप्त केलेला मुद्देमाल तातडीने दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावा लागतो, आणि अटकेला संविधानाच्या अनुच्छेद २२ ची २४ तासांची मर्यादा आहेच. केवळ त्रास देण्यासाठी विनाकारण जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘वाजवी कारण’ हे दोन शब्द शोभेचे नाहीत. ते कोणते होते, हे अधिकाऱ्याला न्यायालयात सांगावे लागते. म्हणून फाटकावर विचारण्याजोगे प्रश्न असलेच, तर ते ओळखपत्राचे, खबर कोणत्या स्वरूपाच्या गुन्ह्याची आहे याचे, आणि पंचनाम्यासाठी पंच कोण असतील याचे आहेत. मी विचारले ते तीन नव्हेत. लोकसेवकाला कामात अडथळा आणणे हा वेगळा गुन्हा आहे आणि आमचा सुरक्षारक्षक त्या सकाळी, माझ्या सल्ल्याने, त्याच्या फारच जवळ जाऊन आला होता.

तेच वनपाल पंधरा दिवसांनी पुन्हा आले, शेजारच्या सोसायटीत, पिंजऱ्यातल्या पोपटांसाठी. मी बाजारातून परतत होतो. त्यांनी मला ओळखले, नमस्कार केला आणि विचारले, ‘साहेब, पंच म्हणून थांबता का?’ भाजीची पिशवी फाटकाशी ठेवून मी वर गेलो. एका बाल्कनीत पाच पोपट होते. पंचनाम्यात मजला, दिशा, पिंजऱ्याचे माप आणि प्रत्येक पक्ष्याची अवस्था इतकी बारकाईने लिहिली गेली की दिवाणी न्यायालयातील पाहणीचे कित्येक अहवाल मला आठवले आणि थोडी लाजही वाटली.

आमच्या सचिवांच्या विनंतीवरून मी फाटकावर लावण्यासाठी एक सूचनाही लिहून दिली. ती दीड पानांची झाली होती, कलमांसह. सचिवांनी तिच्या तीन ओळी केल्या: वनखात्याचे कर्मचारी आले तर ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करा, त्यांना अडवू नका, जखमी किंवा पाळलेला वन्यप्राणी दिसल्यास १९२६ वर फोन करा. पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी ती सध्या लावलेली आहे.